‘तो’ नट नक्की कोण? जुन्या हॉलिवूडच्या निनावी कुजबुजीमागची नावं शोधताना

मोठ्या स्टुडिओतला एक देखणा नायक. लग्नाला वर्षही झालेलं नाही. बायको न्यूयॉर्कला गेली की याची गाडी रात्रभर एका तरुण लेखकाच्या बंगल्याबाहेर उभी दिसते. स्टुडिओच्या साहेबांना सगळं ठाऊक आहे, पण पुढच्या चित्रपटावर पाण्यासारखा पैसा ओतलाय, म्हणून तेरी भी चुप, मेरी भी चुप.

हा मजकूर १९४० च्या दशकातल्या एखाद्या सदरातला वाटतो ना? तो मी आत्ता रचला. त्यामागे कुणीही नाही. तरीही जुने अमेरिकन चित्रपट आवडीनं बघणाऱ्याच्या डोक्यात एव्हाना एखादं नाव येऊन गेलं असेल, आणि ते अगदी चपखल बसतंय असंही वाटलं असेल. निनावी कुजबुजीचा सगळा कारभार यावरच चालतो. लिहिणारा नुसती जागा मोकळी सोडतो. माणूस आणून बसवायचं काम वाचणारा हौसेनं करतो.

वृत्तपत्रांच्या धंद्यात याला ‘ब्लाइंड आयटम’ म्हणतात. नाव नाही, गाव नाही, फक्त खाणाखुणा. ‘लेकी बोले सुने लागे’ यातलाच प्रकार, फक्त इथे सुनेबरोबर साऱ्या गावालाही लागावं अशी सोय असते, आणि कोर्टात मात्र बोट दाखवता येऊ नये.

ही युक्ती हॉलिवूडपेक्षा जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये ‘टाउन टॉपिक्स’ नावाचं साप्ताहिक निघायचं. १८९१ पासून ते कर्नल विल्यम द’ऑल्टन मान या गृहस्थाच्या हातात होतं. श्रीमंतांच्या भानगडी हा त्याचा माल. पण छापण्याची रीत मोठी हुशारीची होती. एका परिच्छेदात नाव न घेता लफडं सांगायचं. मग त्याच्या आसपासच कुठेतरी अगदी साधी, निरुपद्रवी बातमी द्यायची की अमुक अमुक श्रीमंत गृहस्थ सध्या समुद्रकिनाऱ्यावरच्या बंगल्यात मुक्कामाला आहेत. दोन परिच्छेदांचा संबंध आहे असं कुठेही लिहिलेलं नसायचं. ज्याला कळायचं त्याला कळायचं.

खरी कमाई मात्र न छापलेल्या मजकुरातून व्हायची. ज्यांचा हात दगडाखाली सापडलाय त्यांच्याकडे साप्ताहिकाचा माणूस जायचा आणि जाहिरात, वर्गणी किंवा ‘कर्ज’ अशा गोंडस नावानं पैसे मागायचा. १९०५ मध्ये एडविन पोस्ट या शेअर दलालानं पैसे द्यायचं नाकारून उलट पोलिसांनाच गाठलं आणि साप्ताहिकाच्या माणसाला रंगेहाथ पकडून दिलं. (शिष्टाचारावरच्या पुस्तकामुळे पुढे अमेरिकेत घराघरात पोचलेली एमिली पोस्ट ही त्याचीच बायको.) पाठोपाठ १९०६ च्या सुरुवातीला, ‘टाउन टॉपिक्स’वर टीकेची झोड उठवणाऱ्या ‘कॉलियर्स’ या साप्ताहिकाच्या संपादकावर बदनामीचा खटला चालला. त्यात संपादक सुटला आणि कर्नलसाहेबांनी कुणाकुणाकडून रकमा उकळल्या होत्या ते भर कोर्टात बाहेर आलं. ही हकीकत लक्षात ठेवायची ती एवढ्यासाठी, की निनावी मजकूर छापला जातो तेव्हा त्यामागे एखादा न जमलेला व्यवहारही असू शकतो. ‘हा कोण’ याच्या आधी ‘हे आत्ता का छापलं’ हा प्रश्न विचारलेला बरा.

आता कायद्याचं थोडं. बदनामीच्या दाव्यात फिर्यादीला मुळात हे दाखवावं लागतं की मजकूर आपल्याबद्दल आहे. म्हणून नाव गाळायचं. पण नाव गाळलं म्हणजे सुटलो, असं मात्र नाही. हे हॉलिवूडला शिकवलं एका रशियन राजकन्येनं. १९३२ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे एमजीएमनं रशियाच्या झारच्या दरबारात वजन असलेल्या रास्पुतीन या साधूवर चित्रपट काढला. त्यात नाताशा नावाची एक राजकन्या होती आणि रास्पुतीन तिची अब्रू घेतो असं सूचित केलं होतं. नाव काल्पनिक. पण तिच्याशी लग्न ठरलेला राजपुत्रच चित्रपटात रास्पुतीनला मारतो, आणि खऱ्या आयुष्यात १९१६ मध्ये रास्पुतीनला मारणाऱ्यांत फेलिक्स युसुपोव्ह होता हे जगजाहीर होतं. मग नाताशा म्हणजे त्याची बायको इरिना, असा हिशेब कुणीही करणार. इरिनानं लंडनच्या कोर्टात दावा लावला आणि १९३४ मध्ये २५,००० पौंडांची भरपाई मिळवली. चित्रपटातली सगळी पात्रं काल्पनिक असून कुणाशी साम्य आढळल्यास तो निव्वळ योगायोग समजावा, ही जी पाटी आपण आजही वाचतो, ती रूढ होण्याचं श्रेय सहसा याच खटल्याला दिलं जातं.

थोडक्यात, खुणा इतक्या नेमक्या असल्या की सामान्य वाचकालाही माणूस ओळखू यावा, तर नाव गाळल्याचा उपयोग नाही. त्यामुळे मुरलेला लेखक एकदोन खुणा मुद्दाम बदलतो. केसांचा रंग बदलतो, दोन नट्यांची एक करतो, न्यूयॉर्कची गोष्ट पाम स्प्रिंग्जला नेतो. कोडं सोडवणाऱ्याची पहिली पंचाईत इथे होते. दहापैकी आठ खुणा जुळल्या की तो खूश होतो. पण न जुळलेल्या दोन खुणा मुद्दाम बदललेल्या आहेत, की त्याच खऱ्या आहेत आणि आपला माणूस चुकलाय, हे मजकुरावरून कळायला मार्ग नसतो.

हॉलिवूडमध्ये हा उद्योग फोफावला त्याला कारण होती स्टुडिओची व्यवस्था. नटनट्या वर्षानुवर्षांच्या करारानं बांधलेल्या. १९२१ मध्ये रॉस्को आर्बकल या विनोदी नटाचं प्रकरण गाजल्यानंतर करारात नैतिक वर्तनाची अट यायला लागली. लोकांच्या नजरेतून उतरेल असं काही वागलात तर करार रद्द. एमजीएममध्ये प्रसिद्धिप्रमुख हॉवर्ड स्ट्रिकलिंग आणि व्यवस्थापनातला एडी मॅनिक्स ही जोडी भानगडी निस्तरण्यासाठी प्रसिद्ध होती. दुसऱ्या बाजूला सदरं लिहिणाऱ्या बायका. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या वृत्तपत्रांत लुएला पार्सन्स, आणि १९३८ पासून ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये हेडा हॉपर. हेडा आधी स्वतः नटी होती. टोप्यांचा तिला भारी षोक, आणि बेव्हर्ली हिल्समधलं आपलं घर म्हणजे भीतीनं बांधलेलं घर, असं ती स्वतःच सांगायची.

या दोघींच्या सत्तेचं मूळ छापलेल्या बातम्यांइतकंच राखून ठेवलेल्या बातम्यांत होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. एका नटाची भानगड दाबायची आणि बदल्यात स्टुडिओकडून दुसऱ्याच्या लग्नाची बातमी सगळ्यांआधी मिळवायची. अशा व्यवहारात निनावी ओळ हा सगळ्यात स्वस्त इशारा. ‘एका विवाहित ताऱ्यानं जरा जपून राहावं’ एवढं छापलं की पुरे, दुसऱ्या दिवशी फोन यायचाच. म्हणजे तो मजकूर लाखो लोकांसमोर छापलेला असला, तरी लिहिलेला असायचा एकाच वाचकासाठी. ऐंशी वर्षांनी तो वाचून आपण नाव शोधतो तेव्हा दुसऱ्याला आलेली धमकीची चिठ्ठी आपण वाचत असतो.

कधीकधी झाकण जरा जास्त उघडायचं. जानेवारी १९३९ च्या ‘फोटोप्ले’ मासिकात हॉलिवूडमधल्या ‘अविवाहित नवराबायकों’वर लेख आला. त्यात तर नावंच होती: क्लार्क गेबल आणि कॅरल लोम्बार्ड, रॉबर्ट टेलर आणि बार्बरा स्टॅनविक वगैरे. लेख वरकरणी कौतुकाचा, पण अर्थ उघड होता. गेबलचा घटस्फोट लगोलग मार्गी लागला आणि मार्चअखेर त्यानं लोम्बार्डशी लग्न केलं. टेलर-स्टॅनविकही मे महिन्यात बोहल्यावर चढले.

गेबलवरून आठवलं. निनावी कुजबुजीतलं नाव अचूक ओळखलं गेलं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण त्याचंच आहे, आणि माझ्या मते ते सगळ्यात अस्वस्थ करणारंही आहे.

१९३५ च्या सुरुवातीला गेबल आणि लॉरेटा यंग एका चित्रपटासाठी वॉशिंग्टन राज्यातल्या माउंट बेकरच्या बर्फात शूटिंग करत होते. तो विवाहित, ती बावीस वर्षांची आणि कट्टर कॅथलिक. त्यानंतर काही महिन्यांनी लॉरेटा आधी युरोपला गेली, मग ‘आजारी’ म्हणून घरात बसली. ६ नोव्हेंबर १९३५ ला तिला गुपचूप मुलगी झाली. मुलीला काही काळ अनाथाश्रमात ठेवलं आणि १९३७ मध्ये लॉरेटानं दोन मुली दत्तक घेतल्याची बातमी आली, ती लुएला पार्सन्सच्या हातून. त्यातली एक म्हणे तिच्या आईनं परत नेली. उरली ती ज्युडी.

ज्युडीचे कान मोठे आणि बाहेर आलेले, थेट गेबलसारखे. लहानपणी तिचे फोटो टोपडं घालूनच काढले जायचे आणि सातव्या वर्षी कानांवर शस्त्रक्रिया झाली. साऱ्या हॉलिवूडला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एकट्या ज्युडीला. १९५८ मध्ये लग्न ठरल्यावर तिनं होणाऱ्या नवऱ्याला सांगितलं, की मला माझं मूळच ठाऊक नाही. तेव्हा त्यानं सांगितलं, तू गेबलची मुलगी आहेस, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आईनं तोंडानं कबूल करायला पुढे आणखी काही वर्षं गेली. ज्युडीनं १९९४ मध्ये आत्मचरित्र लिहिलं. लॉरेटाची स्वतःची कबुली छापून आली ती २००० मध्ये, तिच्या मृत्यूनंतर.

इथवर कुजबुज करणाऱ्यांचा विजय. पण २०१५ मध्ये लॉरेटाच्या सुनेनं जाहीरपणे सांगितलं, की उतारवयात दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम बघताना ओळखीच्या पुरुषानं केलेला बलात्कार ही कल्पना लॉरेटाला प्रथम कळली, आणि ‘माझ्या बाबतीत तेच झालं होतं’ असं तिनं घरच्यांना सांगितलं. गेबल १९६० मध्येच गेला, त्यामुळे त्याची बाजू आता कधीच मिळणार नाही. पण जवळजवळ ऐंशी वर्षं ही गोष्ट बर्फातलं प्रेमप्रकरण म्हणून चघळली गेली होती. नावं दोन्ही बरोबर, तारखा बरोबर, कानसुद्धा बरोबर. फक्त त्या दोघांत काय घडलं, ते कुणी विचारलंच नव्हतं. ‘कोण’ सापडलं की ‘काय’ आपोआप सापडलं, असा समज हा या खेळातला मोठा सापळा आहे.

मग अंदाज तपासायचा कसा? सगळ्यात भरवशाची वस्तू म्हणजे कॅलेंडर. ‘कॉन्फिडेन्शियल’ नावाचं मासिक १९५२ च्या शेवटी निघालं आणि काही वर्षांत त्याचा खप चाळीस लाखांच्या घरात गेला. ते तर थेट नावं छापायचं. मॉरीन ओ’हारा ही नटी १९५३ च्या नोव्हेंबरात एका परदेशी मित्राबरोबर लॉस एंजेलिसच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरात मागच्या रांगेत नको ते चाळे करत होती, असं त्यांनी मार्च १९५७ च्या अंकात छापलं. त्याच वर्षी मासिकावर खटला उभा राहिला आणि मॉरीन कोर्टात पासपोर्ट घेऊन आली. शिक्के सांगत होते की त्या काळात ती अमेरिकेतच नव्हती, युरोपात होती. ज्यूरीत एकमत झालं नाही, पण मासिकाची ती शैली त्या खटल्यानं संपली. जुन्या स्टुडिओच्या शूटिंगच्या तारखा, जहाजांच्या प्रवाशांच्या याद्या आणि गावोगावच्या बातम्या आता सहज बघायला मिळतात. दहा मिनिटांच्या शोधात निम्मे अंदाज गळून पडतात.

दुसरी कसोटी, त्या माणसाला त्या जागी, त्या काळात ते शक्य तरी होतं का? याच खटल्यात डोरोथी डँड्रिज या नटीनं साक्ष दिली. एका गोऱ्या वाद्यवृंद-प्रमुखाबरोबर ती लेक टाहोच्या जंगलात गेली, असं तिच्याबद्दल छापलं होतं. तिनं शांतपणे सांगितलं, की कृष्णवर्णीय म्हणून तिथे आपल्यावर इतकी बंधनं होती, की कार्यक्रम सोडता खोलीबाहेर पडायचीच चोरी. कथा रचणाऱ्याच्या डोक्यात वर्णभेद आलाच नव्हता.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रसिद्धीची ओढ. कुजबूज नेहमी मोठ्या नावाकडे सरकते. क्लारा बो या मूकपटांच्या काळातल्या लोकप्रिय नटीनं सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अख्ख्या फुटबॉल संघाला जवळ केलं, ही कथा दशकानुदशकं फिरली, आणि तिच्यात हटकून जॉन वेनचं नाव असायचं. कारण काय, तर वेन विद्यार्थिदशेत त्या संघात खेळला होता. तेव्हा त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं. तो पुढे मोठा झाला आणि कथा मागे जाऊन त्याला घेऊन आली. डेव्हिड स्टेन या चरित्रकारानं १९८८ च्या पुस्तकासाठी त्या वेळचे हयात खेळाडू गाठून विचारलं, तेव्हा घरच्या पार्ट्या आणि थट्टामस्करी यापलीकडे काही हाती लागलं नाही. पराचा कावळा होतो तो असा.

काल्पनिक पात्राला खरा चेहरा चिकटवल्यानं किती नुकसान होतं, ते मॅरियन डेव्हिसला विचारायला हवं होतं. १९४१ मध्ये ऑर्सन वेल्सचा ‘सिटिझन केन’ हा चित्रपट आला. वृत्तपत्रसम्राट केन म्हणजे विल्यम रँडॉल्फ हर्स्ट, हे ओळखायला फार डोकं लागत नव्हतं. मग केननं जबरदस्तीनं गायिका बनवलेली, गळा नसलेली सुझन म्हणजे हर्स्टची सखी मॅरियन, हे ओघानंच आलं. प्रत्यक्षात मॅरियन ही पडद्यावर उत्तम विनोदी काम करणारी नटी होती. सुझन केनला सोडून जाते. मॅरियन १९५१ मध्ये हर्स्ट मरेपर्यंत त्याच्याबरोबर राहिली, आणि तो कर्जात बुडाला तेव्हा तिनं स्वतःचे दहा लाख डॉलर त्याला उभे करून दिले. सुझनच्या संगीताच्या भागासाठी शिकागोच्या वेगळ्याच धनिकांच्या आयुष्यातून उचललं होतं. वेल्सनं १९७५ मध्ये मॅरियनच्या आठवणींच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहून सुझन म्हणजे ती नव्हे असं स्पष्ट केलं. तोवर मॅरियनला जाऊन चौदा वर्षं झाली होती.

मेलेल्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जुन्या हॉलिवूडबद्दल आज इतकं बिनधास्त लिहिलं जातं, याचं साधं कारण म्हणजे अमेरिकन कायद्यात मृत व्यक्तीची बदनामी होत नाही. चार्ल्स हायम या चरित्रकारानं १९८० मध्ये एरॉल फ्लिन हा नट नाझींचा हेर होता असं पुस्तक लिहिलं. फ्लिन १९५९ मध्येच वारला होता. त्याच्या मुलींनी दावा लावला. कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानं १९८३ मध्ये तो फेटाळला. पुस्तक खरं आहे असं न्यायालयानं कुठेही म्हटलं नाही, मेलेल्याच्या वतीनं असा दावा चालत नाही एवढंच म्हटलं. पुढे इतर अभ्यासकांनी मूळ सरकारी कागद काढून दाखवलं, की हायमनं उद्धृत केलेल्या मजकुरात फेरफार होते.

आणि याच हायमनं, सहलेखकाबरोबर, १९८३ मध्ये मर्ल ओबेरॉनचं गुपित फोडलं. ते मात्र मुळात खरं होतं. इथे धागा थेट मुंबईला येतो. ऑस्करचं नामांकन मिळालेली मर्ल सांगायची, की आपला जन्म ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाचा. स्टुडिओनं तसंच छापलं. जन्म खरा मुंबईतला, १९११ चा, अँग्लो-इंडियन घरात. लहानपण मुंबई-कोलकात्यात गेलं. हॉलिवूडमध्ये त्या काळी मिश्रवंशीय म्हटलं की नायिकेच्या भूमिका बंद, म्हणून हा सगळा बनाव. कुजबूज होतीच. सावळ्या वर्णाची जी बाई तिच्या घरी राहायची, ती मोलकरीण नसून आई आहे, असं बोललं जायचं.

हायमनंही तेच मानलं. पण मर्लच्या भावानं नंतर मुंबईच्या दप्तरातून जन्माचा दाखला मिळवला, तेव्हा आणखी एक पडदा उठला. मर्ल जिला आई म्हणायची ती तिची आजी होती, आणि जिला बहीण समजायची ती जन्मदात्री, मर्लच्या जन्माच्या वेळी अगदी कोवळ्या वयाची. म्हणजे ज्यांनी मोलकरणीतली आई ओळखली म्हणून पाठ थोपटून घेतली, त्यांचाही नेम एका पिढीनं चुकला होता.

१९७८ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, मर्ल टास्मानियातल्या होबार्टला गेली. गावानं आपल्या लेकीचं स्वागत करायला समारंभ ठेवला. ती तब्येतीचं कारण सांगून मधूनच निघून गेली. २००२ मध्ये तिच्यावर माहितीपट झाला, तोवर दाखलाही सापडला होता. तरी टास्मानियात तिच्या जन्माची कथा सांगणारे लोक कॅमेऱ्यासमोर ठामपणे सांगत होते, की ती आमचीच, आणि तिची आई तिथल्या एका हॉटेलात काम करणारी चिनी वंशाची मुलगी.